मराठीची ही लेक कोणत्या रकान्यात?

सीमाभागातल्या भाषावादात मोजणीला फार महत्त्व आहे. गावात मराठी घरे किती, कन्नड घरे किती, शाळेचा पट किती, पंचायतीत सदस्य कोणाचे, हे आकडे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण मांडत आलो आहोत. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तरी मोजणीची सवय सुटलेली नाही. मात्र या मोजणीत काही घरे नेहमीच बाजूला राहतात. ती मुसलमानांची. जनगणनेच्या कागदावर ‘मातृभाषा : उर्दू’ असे लिहिले गेले की मराठीवाले त्या घरावरून पुढे जातात आणि कन्नडवालेही. त्या घरातली मुले कोणत्या भाषेत शिकतात, वाचतात, भांडतात, हे विचारायला कोणी थांबत नाही.

अशाच एका घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीची ही हकिकत. तिचे व गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. बेळगावहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे गाव, मुसलमानांची मोजकी घरे, शाळा मराठी. ती याच शाळेत पाटी गिरवायला बसली, पुढे मराठी माध्यमातूनच दहावी झाली आणि आता बेळगावात पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला वाणिज्य शाखेत आहे. वडील टेम्पो चालवतात. बेळगावच्या बाजारातून भाजी भरायची, रात्री जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि पहाटेपर्यंत गोव्यात पोहोचायचे, हा त्यांचा नेम. बाजारात कन्नड, जांबोटीत चहाला मराठी, घाट उतरल्यावर साखळीला कोकणी आणि घरी आल्यावर दख्खनी. एका रात्रीत चार भाषा ओलांडणाऱ्या या माणसाला भाषेचा प्रश्न विचारला तर तो हसतो. भाडे वेळेवर मिळाले की कोणतीही भाषा गोडच लागते, असे त्याचे म्हणणे.

घरातली ही दख्खनी म्हणजे पुस्तकी उर्दू नव्हे. पोर म्हणते, “आज गाडी मैंच निकालती.” बाप म्हणतो, “नक्को, पैले पीछे देख.” ‘मैंच’मधला ‘च’ मराठीचा आणि ‘नक्को’ तर आपले ‘नको’च. विजापूर-गोवळकोंड्याच्या काळापासून मराठी, कन्नड, तेलुगू यांच्या शेजारात वाढलेली ही बोली. उत्तरेकडच्या उर्दूवाल्यांना ती गावठी वाटते आणि आपल्याला परकी. वस्तुतः तिच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात मराठीची खूण सापडते.

मुलीचा दिवस फजरच्या नमाजाने सुरू होतो. लहानपणी उस्तानीकडे कुराण वाचायला शिकली ते अरबीत. त्यानंतर पाणी, भाकऱ्या आणि सातची बस. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये महिलांना तिकीट पडत नाही, त्यामुळे कॉलेजचा रोजचा खर्च वाचला. बसची पाटी कन्नडमध्ये; ती तिला शाळेपासूनच वाचता येते. कॉलेजात पुस्तके इंग्रजी, मैत्रिणी मराठी आणि कन्नड. संध्याकाळी घरी आल्यावर दादीला मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. दादीला मराठी वाचता येत नाही, पण समजते सारे. घाटात दरड कोसळली का, भाजीचा दर काय, ही तिची पहिली चौकशी. कारण लेक रात्री त्याच वाटेने जाणार असतो.

वाचनाचे वेड तिला शाळेतल्या कपाटाने लावले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधले बेळगावचे रावसाहेब तिला आपल्याच गल्लीतले वाटतात, कन्नड हेल असलेली, शिवीगाळीतूनही माया करणारी ती मराठी तिने रोज ऐकलेली. इंदिरा संतांच्या कविता तिने वहीत उतरवून घेतल्या आहेत. त्या बेळगावच्याच, याचा तिला अभिमान. पण आपल्यासारखे घर मराठी पुस्तकात तिला फार उशिरा भेटले. शाळेच्या पुस्तकांत ते ईदच्या धड्यापुरतेच होते. मग वाचनालयातून हमीद दलवाई यांची ‘इंधन’ कादंबरी हाती आली. कोकणातले मुस्लिम घर, त्यातले रागलोभ, आणि सगळे मराठीत. तिने ती दोन रात्रींत संपवली.

दलवाई घरात आले ते वाद घेऊनच. १८ एप्रिल १९६६ रोजी जबानी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत काढला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ते वडिलांना पटत नाही. मुलीला काही पटते, काही पटत नाही. जेवताना बापलेकीची जुंपते, अम्मी दोघांनाही गप्प करते. मराठी पुस्तकावरून मुसलमानाच्या घरात असा वाद व्हावा, याहून त्या भाषेचा मोठा मान कोणता? ज्या भाषेशी आपला संबंध नाही, तिच्यातल्या पुस्तकावर कोणी रात्री जागून भांडत नाही.

हा संबंध नवाही नाही. सतराव्या शतकात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, हुसेन अंबरखानाने गीतेवर ‘अंबरहुसेनी’ ही टीका केली. शाहीर अमर शेख यांच्या डफाशिवाय संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आठवता येत नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले. ही नावे आपण भाषणात घेतो. पण शेजारच्या घरातली मुलगी वक्तृत्वात बक्षीस मिळवते, तेव्हा पाहुणे कौतुकाने म्हणतात, “मुसलमान असून किती शुद्ध मराठी!” या मुलीने ते वाक्य ऐकले आहे. टाळ्या पडल्या, ती हसली. घरी येऊन अम्मीला एवढेच म्हणाली, की बक्षीस मिळाले पण पाहुणीच्या नात्याने.

सध्या तिने नवा हट्ट धरला आहे तो गाडी शिकण्याचा. कारण साधे आहे. चुलत्याची जुनी मारुती व्हॅन दारात उभी असते आणि रात्री ती चालवणारे घरात कोणी नसते. गेल्या पावसाळ्यात दादीला रात्री दम लागला. बाप घाटात, चुलता परगावी. शेजाऱ्याला उठवून दवाखाना गाठेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला. चुलत्याने कपाळाला आठ्या घातल्या. बापाने थोडा विचार केला आणि होकार दिला, पण कायद्याच्या अटीवर.

कायदा स्पष्ट आहे. मोटारीच्या परवान्याला वय १८ पूर्ण हवे, मालवाहू गाडीला २०. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला वा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीवर पोट असलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. म्हणून सध्या शिकवणी रस्त्यावर नाही. सुगी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या भाताच्या शेतात. गाडी बंद ठेवून आधी आरसे, मग क्लच, मग पहिला गिअर. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा नियम बापाने तिला शेतातच पाठ करून घेतला आहे.

परवान्याच्या अर्जाचा नमुना तिने आणून ठेवला आहे. त्यावरून घरात एक गंमत झाली. अर्ज, परवाना, तारीख, सही, दाखला, रस्ता हे शब्द मराठीचे म्हणून ती वाचू लागली, तर दादी म्हणाली, हे तर आमचे. शब्द अरबी-फारसीतून आलेले खरेच. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, तरी हे शब्द हटले नाहीत. आणि कन्नडमध्येही अर्जी, परवानगी, तारीखु, सही, रस्ते हेच चालतात. ज्या शब्दांवर तिन्ही भाषांचा हक्क आहे, त्यांच्या पाट्या कोणत्या लिपीत असाव्यात यावर आपल्याकडे डोकी फुटली आहेत.

आता मुद्द्याचे. घटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करणे राज्यांवर सोपविले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले की, मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील. या घराने आपल्या पोरीसाठी मराठी शाळा निवडली होती. कोणी सभा घेतली नव्हती, कोणी विनवणी केली नव्हती. धाकट्या भावाला मात्र इंग्रजी शाळेत घातले आहे. मराठी शिकून मराठीवालेही आपले म्हणत नाहीत, मग काय उपयोग, असे चुलत्याचे मत पडले आणि त्यावर बहिणीला उत्तर देता आले नाही.

पलीकडे पाहावे. मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादासाठी, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. त्यांच्या घरची भाषाही दख्खनी उर्दू. आठव्या वर्षी त्या शिवमोग्याच्या कन्नड शाळेत गेल्या त्या सहा महिन्यांत कन्नड शिकण्याच्या अटीवर. आज त्या कन्नडच्या लेखिका आहेत. उद्या आपल्या सीमाभागातली एखादी मुलगी मराठीत तशी लिहू लागेल का? लिहील, पण ती वाचनालयाच्या दारात आल्यावर पाहुणी ठरली नाही तरच.

त्यासाठी मोर्चा लागत नाही. वाचनालयांनी मुस्लिम मराठी लेखकांची पुस्तके कपाटाच्या पुढच्या ओळीत ठेवावीत. साहित्य संमेलनांनी या मुलांना स्वागतगीतापुरते नव्हे, कथा-कविता वाचायला बोलवावे. शाळा वाचवण्याच्या बैठकीचे निमंत्रण मुसलमान पालकांच्या घरीही जावे. पट घटल्याची तक्रार करण्याआधी, पटावर असलेली मुले आपली म्हणायला आपण शिकले पाहिजे.