सागवानाचं सरपण

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की मोझरीच्या गुरुकुंजानंतर तिवसा येतं. तिथल्या एका तिशीतल्या वाचकाचा फोन आला. तीन महिन्यांची शुगर आठच्या वर गेलेली, वजन वाढलेलं आणि हातातल्या मोबाइलवर कुणी पिळदार अमेरिकन डॉक्टर रोज सांगतो आहे की धान्य हेच विष. ‘‘भाकर बंद, वरन बंद, साखर तं बंदच. नुसतं मटन खायचं. शुगर उतरते म्हन्तेत. खरं हाय काय जी?’’ पुढे थोडं थांबून म्हणाला, ‘‘मायी माय माळकरी हाये. ते म्हन्ते, रोज मटन शिजवशील तं मी पंढरपूरले निंगून जातो.’’

आईचा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मात्र सरळ आहे: हो, उतरते. रक्तातली साखर येते मुख्यतः पिठातून. पीठच बंद केलं तर ती उतरणार, यात चमत्कार कसला? भारतीय माणसाची सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असं आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत दिसलं आणि त्यातला मोठा वाटा पांढरा भात, मैदा, गव्हाचं पीठ आणि साखरेचा. त्याच पाहणीने २०२३ साली देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला होता. तेव्हा ‘पीठ कमी करा’ हे सांगणारा माणूस मूर्ख नाही. विदर्भात तर हे नवीनही नाही. काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी इन्सुलिन हा शब्द व्याख्यानांतून घराघरांत नेला आणि त्यांच्याच विचाराचं बोट धरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे अवघ्या महाराष्ट्राला दोन वेळच जेवायला सांगितलं. वाद झाले, पण माणसं निदान चहाबरोबरची बिस्किटं मोजायला लागली.

‘कमी’ आणि ‘शून्य’ यांत मात्र मोठं अंतर आहे. ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, मटणाचं दुकान पुरतं.

समजा आपल्या वाचकाला दिवसाला २००० कॅलरी हव्यात. बोकडाचं चरबी काढलेलं मटण घेतलं तर १०० ग्रॅमला साधारण ११० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे रोज एक किलो आठशे ग्रॅम, तेही हाडं सोडून! किलोला सातशे-आठशेचा भाव धरला तर तेराशे-चौदाशे रुपये रोज. पैशाचं एकवेळ सोडा, पण एवढ्या मटणातून पोटात जाणारी प्रथिनं होतात साडेतीनशे ग्रॅमच्या वर. जवळजवळ तीन-चतुर्थांश ऊर्जा प्रथिनांतून आणि इथे यकृत हात वर करतं. प्रथिन जाळायचं तर त्यातला नायट्रोजन युरिया करून बाहेर टाकावा लागतो आणि त्या कामाला मर्यादा आहे. एकूण ऊर्जेच्या पस्तीस-चाळीस टक्क्यांपलीकडे प्रथिनं गेली की मळमळ, जुलाब, अशक्तपणा सुरू होतो. कॅनडाच्या बर्फातले शिकारी याला ‘सशाची उपासमार’ म्हणायचे. हिवाळ्यातल्या सशाच्या अंगावर चरबी नसते, म्हणून पोट फुटेस्तोवर ससे खाऊनही माणूस खंगत जाई.

हे ज्याने अमेरिकेतल्या डॉक्टरांना स्वतःच्या शरीरावर करून दाखवलं, तो विल्ह्यालमुर स्टेफन्सन हा माणूस मला फार आवडतो. ध्रुवप्रदेशात इन्युइट लोकांबरोबर अनेक वर्षं राहिलेला हा संशोधक सांगायचा की तिथे आम्ही मांस-मासळीवरच जगलो आणि ठणठणीत राहिलो. डॉक्टरांचा विश्वास बसेना. शेवटी १९२८ साली तो आणि त्याचा सोबती कार्स्टन अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाले. वर्षभर नुसतं मांस खायचं ठरलं. सुरुवातीचे काही आठवडे डॉक्टरांचा पहारा होता. पुढे दोघे बाहेर राहिले, तरी लघवी नेमाने तपासली जात होती. कुणी चोरून पाव खाल्ला असता तर लघवीतले कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारी द्रव्यं, घटून चोरी पकडली गेली असती.

गंमत पहिल्याच आठवड्यात झाली. प्रयोग चालवणाऱ्या यूजीन ड्यूबॉय यांनी स्टेफन्सनला मुद्दाम चरबीविना मांस द्यायला लावलं. दोन-तीन दिवसांत गडी आडवा! मग चरबीदार मांस आणि तळलेला मेंदू आला नि स्वारी ताळ्यावर आली. पुढचं वर्ष दोघांनी सुखरूप काढलं. स्कर्व्ही झाला नाही, मूत्रपिंडं बिघडली नाहीत. पण त्यांच्या आहारातला आकडा बघा: सुमारे ऐंशी टक्के ऊर्जा चरबीतून, प्रथिनांतून फक्त वीस. ज्याला जग ‘मांसाहाराचा विजय’ म्हणतं, तो खरा चरबीचा विजय होता. (या प्रयोगाच्या खर्चाला अमेरिकन मांस उत्पादकांच्या संस्थेचा हातभार होता, हेही जाता जाता लक्षात ठेवावं. माणसंही दोनच होती.)

हा हिशोब तिवशात आणा. स्टेफन्सनसारखं जेवायचं तर रोज अर्धा किलो मटण आणि वर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम निव्वळ चरबी. गोवंशाचं मांस महाराष्ट्रात कायद्याने बंद. अमेरिकन डॉक्टर ज्या चरबीदार बीफच्या तुकड्यावर जगतो, ते आपल्याकडे नाही. आपल्याकडे काटक वऱ्हाडी शेळी किंवा बेचव ब्रॉयलर. जिममधली पोरं तर ब्रॉयलरची छाती उकडून खातात, सगळ्यात कोरडा भाग. त्यावर ‘शून्य कर्बोदक’ करायला जाल तर सशाची उपासमार घरबसल्या.

इन्युइटांचा दाखला देणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्यातल्या बहुसंख्य लोकांत चरबी जाळणाऱ्या एका विकराच्या जनुकाचं वेगळं रूप सापडतं. त्यामुळे त्यांच्या शरीरात कीटोन कमी बनतात. ज्या ‘कीटोसिस’चे आज गोडवे गायले जातात, ती अवस्था टाळण्याकडेच त्या लोकांची उत्क्रांती झुकलेली दिसते. शिवाय ते कच्चं मांस, यकृत, व्हेलची कातडी खात, त्यातून ‘क’ जीवनसत्त्व मिळे. आपण मटण शिजवतो तासभर, रश्शाला तर्री येईपर्यंत. त्यात ‘क’ शोधायला जाऊ नये.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. अंगात गेलेलं प्रथिन नेमकं करतं काय? मेळघाटातल्या सागवानाचा विचार करा. सागवान घराच्या तुळईला, दाराच्या चौकटीला लागतं. चूल पेटवायला तुऱ्हाट्या आहेत, पऱ्हाट्या आहेत. पण सरपणच संपलं आणि स्वयंपाक तर करायचाच आहे, तर बाई काय करेल? सागवान चुलीत घालेल. जळेल तेही, पण घर राहील अपुरं आणि घरभर धूर होईल. शरीराचं अगदी असंच. ऊर्जा आधी हवी, ती नसेल तर प्रथिन सरपण म्हणून जळतं. युरिया हा त्याचा धूर.

हे जगाला आकड्यांनी पटवणारा माणूस आपला होता आणि त्याचं नाव आज प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिरातीत कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनमध्ये संख्याशास्त्र शिकले. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला.

त्या काळात जगभर एकच गजर होता: प्रथिनांची दरी! गरीब देशांतली मुलं खुरटतात ती प्रथिनाअभावी, असं तज्ज्ञ म्हणत. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने ‘येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा’ची घंटा वाजवली. उपाय तरी काय काय! माशांचं पीठ, पेट्रोलियमवर वाढवलेल्या सूक्ष्मजीवांचं प्रथिन. डांबराच्या चुलतभावावर बुरशी वाढवून ती तिवशाच्या पोराला भरवायची, असा तो एकूण बेत!

सुखात्मे आकड्यांचे माणूस. त्यांनी भारतातल्या आहाराच्या पाहण्या घेतल्या, कोण किती खातं आणि त्यात प्रथिन किती, ते तपासलं. निष्कर्ष साधा निघाला: पोटभर धान्य-डाळ खाणाऱ्यात प्रथिन सहसा कमी पडत नाही. कमी दिसतं ते अर्धपोटी माणसात, कारण त्याचं प्रथिन चुलीत जातं. दरी प्रथिनांची नव्हे, भाकरीची! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचं निदानही हेच होतं. १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी त्या सगळ्या प्रकरणाला ‘प्रथिनांचा महान फज्जा’ म्हणून टाकलं, तोवर लाखो डॉलर खर्ची पडले होते. निवृत्तीनंतर पुण्याला परतलेल्या सुखात्म्यांनी पुढे माणूस कमी अन्नाशी जुळवून घेतो, असा सिद्धांत मांडला. तो मात्र वि. म. दांडेकर, गोपालन अशांनी सडकून झोडपला आणि माझ्या मते रास्तच. मोठी माणसंही एका बरोबर उत्तरानंतर दुसरं चुकवतात. पहिलं उत्तर त्याने खोटं ठरत नाही.

वऱ्हाडी ताटावर ते पडताळून बघू. ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, तूरडाळीत २२. साडेतीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी आणि साठ ग्रॅम डाळीचं वरण यांत अठ्ठेचाळीस ग्रॅम होतात. पासष्ट किलोच्या माणसाची गरज चोपन्न. वाटीभर दही किंवा एक अंडं घातलं की हिशोब मिटला. ज्वारीत लायसिन कमी, तुरीत भरपूर. आजी भाकरीवर वरण ओतते तेव्हा तिला हे ठाऊक नसतं, तिच्या आजीच्या आजीने ते निस्तरून ठेवलेलं असतं.

पण साडेतीनशे ग्रॅम ज्वारी ही नांगरामागे चालणाऱ्याची भूक. आपला वाचक दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसतो आणि ज्वारीऐवजी पोळी-भात खातो. सुखात्म्यांच्या काळी प्रश्न रिकाम्या पोटाचा होता, आज वाढलेल्या पोटाचा आहे. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो आठवतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे असलेले छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, दिसायला दोघंही सडसडीत. आतली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! आपला माणूस असा छुपा रुस्तम: वरून काडी, आतून लोणी. त्याला पिठाचा डोंगर पेलत नाही.

याच याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात मांसाहाराच्या बाजूचा एक भक्कम मुद्दा मिळतो. गरोदर बायांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळली. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर पुढे इन्सुलिनला कमी दाद देऊ लागलं. बी-१२ फक्त प्राणिज अन्नात असतं. दूध-दह्यात थोडं, अंडी-मासे-कलेजीत भरपूर. शरीरात सहज शोषलं जाणारं लोहही मांस-मासळीतच. रविवारच्या मटणाला विज्ञानाचा आशीर्वाद आहे, तो आठवड्याचे सातही दिवस रविवार करायला मात्र नाही.

कारण नुसत्या मांसावर वर्षानुवर्षं जगणाऱ्यांची नीट चाचणी झालेलीच नाही. २०२१ मध्ये दोन हजारांवर अशा लोकांची एक पाहणी छापली गेली. ती समाजमाध्यमांतून जमवलेल्या, स्वतःवर खूश असलेल्या लोकांची आणि त्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांची. ज्यांना सोसलं नाही, ते तिथे आलेच नाहीत. त्यातही ज्यांनी रक्ताचे अहवाल दिले, त्यांच्या एलडीएल कोलेस्टेरॉलचा मध्यांक १७२ होता. हा आकडा कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. तंतू शून्य, म्हणून बद्धकोष्ठ. कॅल्शियम कमी. यूरिक ॲसिड आणि मुतखड्याची भीती वेगळीच, वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर जास्तच. पहिल्या आठवड्यात उतरणारे दोन-तीन किलो बहुतेक पाणी असतं: साठवलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बसलेलं असतं, साठा संपला की तेही जातं.

आणि मला सर्वांत मजा वाटते ती एका वेगळ्याच चाचणीची. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत मधुमेहींना काही महिने रोज फक्त आठशेच्या आसपास कॅलरींची पेयं आणि सूप दिली. वर्षअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्त अवस्थेत होते. त्या पेयांत कर्बोदकांचा वाटा किती? ५९ टक्के! साखर हटली ती वजन उतरल्यामुळे, यकृतातली चरबी गेल्यामुळे. मटणाचा त्यात तुकडासुद्धा नव्हता.

हे सगळं मी तिवशाच्या वाचकाला फोनवर सांगितलं. पोळी-भात निम्म्यावर आण, वरण घट्ट कर आणि दुप्पट घे, पालेभाजी खा, अंडी खा, रविवारी मटण खा, जेवल्यावर चाल. आणि एक गोष्ट ठासून सांगितली: शुगरच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरला न विचारता पीठ एकदम तोडायचं नाही. काही गोळ्यांनी साखर धोक्याइतकी खाली जाते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या गोळ्यांवर तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊन माणूस दवाखान्यात पोचू शकतो.

तो शांतपणे ऐकत होता. सागवान त्याला पटलं, सुखात्मे आवडले, दोनदा नाव विचारून घेतलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाला, ‘‘म्हंजे सर, खाटकाले चरबी जास्त टाकाले सांगतली तं जमते, असंच ना?’’

मागून त्याच्या आईचा आवाज आला. काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही. पंढरपूर एवढा शब्द तेवढा कळला.