समुद्रापासून दूरचे किनारपक्षी : निरीक्षण आणि नोंद



‘किनारपक्षी’ हा शब्द वाचताच आपल्या मनात समुद्र उभा राहतो. वस्तुतः या पक्ष्यांना हवा असतो तो उथळ पाण्याचा ओला काठ. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी येणाऱ्या किनारपक्ष्यांना असा काठ महाराष्ट्राच्या पठारावरही मिळतो. गोदावरी-कादवा संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर, भिगवणजवळचा उजनीचा फुगवटा आणि पैठणचा नाथसागर ही त्याची परिचित उदाहरणे होत. यांपैकी नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ असून त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली.

एकाच काठावर अनेक जाती कशा नांदतात, याचे उत्तर त्यांच्या पायांत व चोचींत आहे. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर पाण्यात उभा राहून भक्ष्य टिपतो. पाणटिवळा लांब, सरळ चोच चिखलात खुपसतो. आखूड चोचीचा चिखल्या मात्र ओलसर जमिनीवर धावतो, थबकतो आणि टिपतो. म्हणजेच पाण्याची पातळी काही बोटे चढली वा उतरली, तरी कोणाला अन्न मिळणार हे बदलते. धरणाचे आवर्तन सुटले की नवा चिखल उघडा पडतो. पुढे त्याच जमिनीवर गाळपेरही होते. माणसाला रिकामी वाटणारी ही जागा पक्ष्यांच्या दृष्टीने रिकामी नसते. हे सिद्ध करण्यास मात्र काटेकोर नोंद लागते.

आता पुढील दोन नोंदी ताडून पाहा.

(अ) ‘आज जलाशयावर अनेक सुंदर पाहुणे पक्षी दिसले.’

(आ) ‘सकाळी ७.१०. काठावर एक पक्षी. मैनेहून किंचित लहान. पाठ तपकिरी, पोट पांढरे. शेपटीकडचा भाग सतत वरखाली. उडताना पंखावर पांढरी पट्टी. पाणी गेल्या आठवड्यातील खुणेपासून चार पावले मागे.’

पहिल्या नोंदीत पाहणाऱ्याचा आनंद आहे, पक्षी नाही. दुसऱ्या नोंदीत पक्ष्याचे नाव नाही. तरीही तो तुतवार असावा, हे जाणकार सांगू शकेल. म्हणून आधी वर्णन करावे, नाव नंतर द्यावे. जे दिसले ते आणि जे आपण अनुमानिले ते, ही दोन वेगळ्या वाक्यांत लिहावीत. पक्षी दिसला नाही, तर तेही तारखेसह नोंदवावे.

नावांकडेही लक्ष द्यावे. ‘चिखल्या’ या नावात पक्ष्याचे ठिकाण आहे, तर ‘टिटवी’ या नावात त्याचा आवाज. आपल्या परिसरातील मच्छीमार वा गुराखी वेगळे नाव वापरत असतील, तर ते ‘शुद्ध’ न करता जसे उच्चारले जाते तसेच लिहून घ्यावे.

स्वाध्याय : जवळच्या तलावाच्या काठी एकाच जागी अर्धा तास थांबा. कोणत्याही एका पक्ष्याचे, त्याचे नाव न वापरता, आठ वाक्यांत वर्णन करा. त्यांत ‘सुंदर’, ‘मोहक’ यांसारखी विशेषणे टाळा.