सूनबाईंनी मागितलेली चावी

गेल्या गणपतीत मंडळाचा कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही खुर्च्या आवरत होतो. माझ्या भाचीचं नाव नुकतंच मतदार यादीत आलंय. तिने मध्येच विचारलं, "मावशी, इंदूरमध्ये आपण मराठी माणसं अशी कितीशी? मग सुमित्राताई आठ वेळा निवडून आल्या कशा?"

प्रश्न बरोबर होता. नुसत्या मराठी मतांवर इंदूरची लोकसभेची जागा जिंकता येत नाही. शहरातला मोठा वर्ग हिंदी बोलणारा, शिवाय देपालपूर, सांवेरकडची माळवी बोलणारी गावं. तुमच्या पिढीने ताईंना पाहिलं ते लोकसभेच्या अध्यक्ष म्हणून, २०१४ ते २०१९ या काळात. त्यामुळे त्या कायम तिथेच होत्या असं वाटतं. पण १९८९ साली त्या आव्हान देणाऱ्या उमेदवार होत्या, आणि समोरचा माणूस फार मोठा होता.

समोर होते काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी. मध्यप्रदेशचे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी गृहमंत्री. १९८० आणि १९८४ अशा लागोपाठ दोन निवडणुका त्यांनी इंदूरमधून जिंकल्या होत्या. १९८४ मध्ये तर मध्यप्रदेशातल्या चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या आणि भाजपचे साऱ्या देशात दोनच खासदार होते.

आणि ताई? माहेरच्या चिपळूणच्या साठे, लग्नानंतर इंदूरच्या महाजन. सासरी आल्यावर एम.ए. केलं, वकिलीचं शिक्षण घेतलं. रामायणावर प्रवचनं करायच्या, त्यामुळे पुष्कळ घरांतल्या बायका त्यांना राजकारणाच्या आधीपासून ओळखत होत्या. १९८२ मध्ये त्या नगरसेविका झाल्या, पुढे उपमहापौर. १९८५ मध्ये विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. म्हणजे लोकसभेला उभं राहताना हाताशी होतं वॉर्डातलं काम, प्रवचनांतून जोडलेली माणसं आणि एक पराभव.

या प्रचारातली इंदूरकर अजून सांगतात ती गोष्ट चावीची. आपल्या घरांत सून जबाबदार झाली की सासू-सासरे कमरेच्या किल्ल्या तिच्या हाती देतात. ताईंनी तेच सेठींना सांगितलं, की मी इंदूरची सून आहे, आता शहराची चावी माझ्याकडे सोपवा. यात ज्येष्ठ माणसाचा अपमान नव्हता, शिवीगाळ नव्हती. सून आणि किल्ल्या हे नातं मारवाडी, गुजराती, माळवी अशा कुठल्याही घरात समजावून सांगावं लागत नाही. 'मी मराठी आहे' म्हणून मत मागितलं असतं तर काही मोहल्ल्यांपुरतंच पोचलं असतं. 'मी या घरची सून आहे' हे साऱ्या शहराला कळलं.

तेव्हा ना मोबाईल होते ना मतदान यंत्रं. कागदी मतपत्रिका, त्यावर शिक्का. माझी आत्या रामबागेत राहायची. दुपारची झाकपाक झाली की शेजारच्या चार-पाच जणी पत्रकं घेऊन निघायच्या, असं ती सांगते. "भाषण आम्हाला कुठलं येणार? आम्ही फक्त ओट्यावर बसून बोलायचो. पण पुरुष कार्यकर्ते दारातून परत यायचे, तिथे आम्ही स्वयंपाकघरापर्यंत जायचो."

आणखी एक बदल झाला होता. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ मध्येच. त्या नोव्हेंबरातली ती पहिली लोकसभा निवडणूक, ज्यात अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी मत दिलं. म्हणजे भाचीच्या वयाची मुलं तेव्हा पहिल्यांदा रांगेत उभी होती.

निकाल लागला, ताई लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या.

आता हे सगळं चावीनेच घडलं असं म्हणणं खोटं होईल. देशात बोफोर्सचा गाजावाजा होता, काँग्रेस चारशेहून अधिक जागांवरून १९७ वर आली, भाजप दोनावरून ८५ वर गेला. मध्यप्रदेशातल्या ४० पैकी २७ जागा भाजपला मिळाल्या. वारं होतंच. पण वारं एका निवडणुकीपुरतं असतं. त्यानंतरच्या सात निवडणुका नुसत्या वाऱ्यावर जिंकता येत नाहीत.

आणि चावी कुणाकडे कायमची राहत नाही. २००९ मध्ये ताई खासदार होत्या आणि काँग्रेसचे सत्यनारायण पटेल आव्हान देत होते. ताई जिंकल्या, पण जेमतेम साडेअकरा हजार मतांनी. एके काळी त्या जिथे उभ्या होत्या, तिथे आता दुसरं कुणी उभं होतं. पुढच्या खेपेला, २०१४ मध्ये, हाच फरक साडेचार लाखांच्या वर गेला. मतदारांनी एकदा दम दिला आणि मग पुन्हा विश्वास टाकला. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये ताईंनी पत्र लिहून आपण निवडणूक लढवणार नसल्याचं कळवलं.

मी भाचीला म्हटलं, ताईंचा पक्ष तुला पटो न पटो, तो तुझा प्रश्न. आमच्या घरातच दोन मतं आहेत आणि जेवताना वादही होतात. पण एवढं लक्षात ठेव. आपण इथे पाहुणे नाही. घरात मराठी बोलून शहर आपलं म्हणता येतं, फक्त शहराच्या नळाची, गटाराची, शाळेची काळजी आपली म्हणून करावी लागते. ताईंची सुरुवात तिथूनच झाली होती.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्या वॉर्डाची बैठक कधी असते गं?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघींनी जाऊन विचारलं.