स्थलांतरित समाजाचा सण : मॉरिशसमधील मराठी गणेशचतुर्थी

प्रस्तावना

जन्मभूमीत सण हा परंपरेचा सहज भाग असतो. स्थलांतरित समाजात तो अस्मितेचे साधन बनतो. मेक्सिकोतील ५ मे हा दिवस याचे ठळक उदाहरण होय. १८६२ साली या दिवशी पुएब्ला येथे मेक्सिकन सैन्याने फ्रेंच सैन्याचा पराभव केला. मेक्सिकोत हा दिवस प्रामुख्याने पुएब्ला परिसरात साजरा होतो. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या समाजाने मात्र त्याला वारशाच्या मोठ्या उत्सवाचे रूप दिले. कोकणाच्या संदर्भात अशीच प्रक्रिया मॉरिशसमधील गणेशचतुर्थीत आढळते. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मॉरिशसमधील गुलामगिरी १८३५ साली संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. १९१० पर्यंत त्यांची संख्या सुमारे साडेचार लाख झाली. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा होता. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी त्याच जिल्ह्यातून वेगळा झाला. हे मजूर जेथे उतरत, तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

उत्सवाचे बदललेले स्वरूप

फोंडाघाट परिसरात गणपती हा मुख्यतः घराचा सण आहे. मुंबईचे चाकरमानी मूळ घरी परततात आणि माटवी, आरती व भजन यांच्या निमित्ताने विखुरलेले कुटुंब एकत्र येते. मॉरिशसला स्थायिक झालेल्यांच्या वंशजांना असे परतीचे घर उरले नाही. तेथेही घरोघरी मूर्तीची पूजा होते. परंतु मूर्ती विसर्जनासाठी नदीकडे वा समुद्राकडे निघते, तेव्हा हा अल्पसंख्य समाज स्वतंत्र समाज म्हणून सर्वांसमोर येतो. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. घराला जोडणारा सण अशा रीतीने समाजाला मान्यता मिळवून देणारा सण झाला.

भाषेचा प्रश्न

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांची दैनंदिन भाषा आता प्रामुख्याने क्रिओल आहे. बोलण्यातून मराठी मागे सरली, तरी आरती व गीतांतून ती उरली. मात्र पाठ असलेले शब्द आणि समजलेले शब्द यांत अंतर असते. अर्थ दुरावल्यास भाषा केवळ विधीपुरती राहते. म्हणूनच तेथील शाळांतून आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून होणाऱ्या मराठीच्या अध्यापनाला विशेष महत्त्व आहे.

निष्कर्ष

सण समाजाची ओळख टिकवू शकतो. भाषा टिकवण्यास मात्र तो एकटा पुरेसा नाही. कोकणातील महाविद्यालयांनी येथील जाखडी आणि मॉरिशसची झाकरी यांतील गीतांचे संकलन व तौलनिक अध्ययन हाती घेतल्यास दोन्ही किनाऱ्यांवरील समाजांना त्याचा लाभ होईल.