जिभेचे दुखणे आणि निदानाचे अर्थकारण

आरोग्यसेवेच्या अर्थकारणाची चर्चा प्रामुख्याने उपचारांच्या खर्चाभोवती फिरते. रुग्णालयातील खाटा, शस्त्रक्रियेचे दर, औषधांच्या किमती, विमा संरक्षणाची मर्यादा हे तिचे नेहमीचे विषय होत. मात्र उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाला आणखी एक टप्पा पार करावा लागतो. आपल्याला नेमके काय झाले आहे, हे कळण्याचा तो टप्पा होय. तो लांबला तर त्याची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाकडे धोरणकर्त्यांचे आणि अभ्यासकांचेही तुलनेने कमी लक्ष गेले आहे. घसा आणि जीभ यांच्या तक्रारी हे या प्रश्नाचे अत्यंत बोलके उदाहरण आहे.

एक अवयव, अनेक दारे

जिभेची आग होणे, तिखट न सोसणे, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, गिळताना कानापर्यंत कळ जाणे, आवाज बसणे ही लक्षणे वरवर किरकोळ वाटतात. त्यांची कारणे मात्र एकमेकांपासून फार दूरची असू शकतात. लोह किंवा ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेत जीभ गुळगुळीत व लालसर होते आणि तिची आग होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या, हे लक्षात घेता ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. जठरातील आम्ल उलट वर आल्याने घसा खवखवतो. कवटीच्या तळाशी असलेले सुईसारखे हाड प्रमाणाबाहेर वाढल्यास गिळताना वेदना होतात. काही रुग्णांत सर्व तपासण्या निर्दोष येऊनही जिभेची आग महिनोन्‌महिने टिकते. अशा वेळी इतर कारणे एकेक करून वगळल्यानंतरच निदान करता येते. आणि अर्थातच काही थोड्या रुग्णांत ही लक्षणे कर्करोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची असतात.

परिणामी रुग्णाला कोणत्या दारी जावे हेच समजत नाही. दंतवैद्य दात पाहतो, कान-नाक-घसा तज्ज्ञ स्वरयंत्र पाहतो, पोटविकारतज्ज्ञ आम्लपित्ताची औषधे देतो आणि सर्व अहवाल निर्दोष आले की मानसोपचाराचा सल्ला मिळतो. यांपैकी प्रत्येकाचे काम आपापल्या जागी योग्य असू शकते. परंतु या सर्व नोंदी एकत्र वाचण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. ती रुग्णाच्या पिशवीतील कागदांवर येऊन पडते. दरम्यान भयभीत झालेला रुग्ण आरशात जिभेच्या मुळाशी असलेले मोठे उंचवटे प्रथमच पाहतो आणि त्यांना गाठी समजतो. वास्तविक ते चवीशी संबंधित असे सर्वांच्याच जिभेवर असणारे नैसर्गिक उंचवटे असतात.

माहितीची असममितता

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 मध्ये वैद्यकीय सेवेच्या बाजारपेठेविषयी लिहिलेला निबंध आरोग्य अर्थशास्त्राचा पाया मानला जातो. आजार केव्हा येईल हे अनिश्चित असते आणि उपचारांचे फळही अनिश्चित असते. शिवाय विक्रेत्याला, म्हणजे वैद्याला, ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. म्हणून ही बाजारपेठ इतर वस्तूंच्या बाजारपेठेसारखी चालत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. निदानाच्या बाबतीत ही असममितता सर्वाधिक तीव्र असते, कारण येथे ग्राहक माहितीच विकत घेत असतो. विकत घेतलेली तपासणी आवश्यक होती किंवा नाही, हे त्याला बहुधा नंतरही कळत नाही.

मग सर्वांच्या सर्व तपासण्या कराव्यात काय? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. समजा, 1000 व्यक्तींपैकी 10 जणांना एखादा विकार आहे. तपासणी 10 पैकी 8 रुग्ण अचूक ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी 90 टक्क्यांना निरोगी ठरवते. अशा वेळी उरलेल्या 990 निरोगी व्यक्तींपैकी 99 जणांना विनाकारण धोक्याचा इशारा मिळेल. म्हणजे इशारा मिळालेल्या 107 जणांत खरे रुग्ण अवघे 8. त्याच तपासणीपूर्वी तंबाखू, सुपारी किंवा मद्य यांचे सेवन करणारे निवडले आणि त्यांच्यात विकाराचे प्रमाण 1000 मागे 50 असले, तर 135 इशाऱ्यांमागे 40 खरे रुग्ण सापडतील. यंत्र तेच, खर्च तोच; फरक पडला तो योग्य प्रश्न आधी विचारल्यामुळे. रुग्णाची विचारपूस ही वैद्यकातील सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी तीच सर्वप्रथम गाळली जाते.

सुपारीने आखडलेले तोंड

या विचारपुशीचे महत्त्व ज्या विकारात सर्वाधिक दिसते, तो ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ भारतीय उपखंडाच्या सवयींशी निगडित आहे. 1952 मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या 5 स्त्रियांमध्ये त्याची प्रथम नोंद झाली. पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतात त्याचे वर्णन केले. सुपारीतील अरेकोलिन या द्रव्यामुळे तोंडातील अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जातात. आरंभी तिखट खाताना केवळ आग होते. नंतर अस्तर पांढुरके व ताठर बनते, जीभ बाहेर काढणे अवघड होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा 17 वर्षे पाठपुरावा करण्यात आला. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार 7.6 टक्के रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवला. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले. ‘यात तंबाखू नाही’ हे पानमसाल्यावरील आश्वासन किती पोकळ आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सुरतेत यंत्रमागावर काम करणाऱ्या आणि दिवसभर मावा चघळणाऱ्या एखाद्या स्थलांतरित कामगाराची स्थिती या संदर्भात कल्पून पाहावी. तिखट सोसत नाही म्हणून तो प्रथम औषधांच्या दुकानातून मलम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो. त्याची मजुरी उत्पादनानुसार ठरत असल्याने रुग्णालयातील एक सकाळ म्हणजे एका पाळीची बुडालेली कमाई असते. सरकारी रुग्णालयात केसपेपर नाममात्र दरात निघाला, तरी हा संधी खर्च त्याला भरावाच लागतो. म्हणून तो जाणे टाळतो. अर्थशास्त्रीय दृष्टीने त्याचा हा निर्णय अविवेकी म्हणता येत नाही, कारण आजचे नुकसान निश्चित आहे आणि उद्याचा धोका त्याला कोणी सांगितलेलाच नाही.

विलंबाची किंमत

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 80 हजार रुग्ण मृत्युमुखी पडले. देशातील पुरुषांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात आरंभीच्या अवस्थेतील मुखकर्करोगाच्या उपचारांचा खर्च प्रतिरुग्ण सुमारे 1 लाख 17 हजार रुपये, तर पुढच्या अवस्थेत तो सुमारे 2 लाख 3 हजार रुपये असल्याचे आढळले. त्यात रुग्णाची बुडालेली मजुरी आणि वाचा गमावण्याचे दुःख धरलेले नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही प्रगती उल्लेखनीय होय. सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने पात्र कुटुंबांना वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. परंतु या योजनेची रचना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होण्यावर आधारलेली आहे. दाखल होण्यापूर्वीच्या 3 दिवसांचा आणि घरी परतल्यानंतरच्या 15 दिवसांचा खर्च तिच्यात समाविष्ट होतो. घशाच्या तक्रारीचे निदान मात्र 3 दिवसांत क्वचितच होते. त्याला कित्येकदा महिने लागतात. म्हणजेच ज्या काळात अल्प खर्चाने मोठे नुकसान टळू शकते, नेमका तोच काळ विम्याच्या छत्राबाहेर राहतो. ही उणीव भरून काढण्याचे काम सार्वजनिक प्राथमिक आरोग्यसेवेकडे येते. राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत 2015 मध्ये सुरू झालेला मोफत निदान सेवा उपक्रम आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेली राष्ट्रीय अत्यावश्यक निदान सूची यांकडे या दृष्टीने पाहावयास हवे.

तिरुवनंतपुरमचा प्रयोग

मुखाच्या बाबतीत सुदैवाने महागड्या यंत्राची प्रथम गरजच नसते. तोंड उघडून उजेडात पाहता येते. या साध्या वस्तुस्थितीवर आधारित एक मोठा प्रयोग केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून राबविण्यात आला. 13 विभागांपैकी 7 विभागांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी 35 वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी केली आणि उरलेल्या 6 विभागांत नेहमीचीच सेवा चालू ठेवण्यात आली. दोन्ही गट मिळून सुमारे 1 लाख 91 हजार व्यक्ती त्यात होत्या. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. सर्व लोकसंख्येचा एकत्रित विचार करता आढळलेली घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. वर मांडलेल्या अंकगणिताशी हा निष्कर्ष सुसंगत आहे. नंतरच्या विश्लेषणात या तपासणीचा खर्च दरडोई 6 डॉलरपेक्षा कमी आढळला.

केंद्र सरकारने 2016 मध्ये 30 वर्षांवरील व्यक्तींच्या मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीची कार्यपद्धती निश्चित केली. आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांच्या परिसरात आशा कार्यकर्ती घरोघरी एक प्रपत्र भरते. तोंड उघडण्यास त्रास होतो काय, दोन आठवड्यांत बरा न झालेला व्रण आहे काय, आवाजात बदल झाला आहे काय, असे प्रश्न त्यात आहेत. अनेक दारे हिंडूनही जे प्रश्न विचारले जात नाहीत, ते येथे उंबरठ्यावर विचारले जातात, हे या प्रपत्राचे खरे मोल. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयोगटातील केवळ 0.9 टक्के स्त्रियांनी आणि 1.2 टक्के पुरुषांनी मुखकर्करोगासाठी तोंडाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे सांगितले.

तपासणी झाली तरी साखळी पुढेही तुटू शकते. तिरुवनंतपुरममध्ये 5145 व्यक्तींना पुढील तपासणीसाठी पाठविण्यात आले. प्रत्यक्षात 3218 जणच, म्हणजे 63 टक्के, डॉक्टरांपर्यंत पोहोचले. साक्षरता आणि आरोग्यसेवा या दोन्ही बाबतींत अग्रेसर असलेल्या राज्यातील ही स्थिती आहे. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातील ठरावीक दिवशीच तज्ज्ञ उपलब्ध असेल, बायोप्सीचा नमुना अन्य शहरात जात असेल आणि अहवालासाठी पुन्हा एक पाळी बुडवावी लागत असेल, तर सुरतेच्या त्या यंत्रमाग कामगाराने संदर्भपत्र खिशात ठेवून कामावर जाणे अधिक संभवते. प्रवासखर्चाची भरपाई, संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग आणि नमुना घेतला त्याच केंद्रावर अहवाल पोहोचविण्याची व्यवस्था यांना अंदाजपत्रकात लागणारी रक्कम कर्करोगाच्या एका मोठ्या शस्त्रक्रियागृहाच्या मानाने अल्पच असेल. मात्र ती ‘प्रशासकीय खर्च’ या सदरात मोडते आणि काटकसरीची कात्री बहुधा प्रथम त्याच सदरावर चालते.