गोळीसोबत घास

औषधे नव्हती तेव्हा क्षयावर खुराक हाच उपाय होता. पाचगणीची हवा, मिरजेचे सॅनेटोरियम, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती. अर्थात ज्याला परवडेल त्याला.

मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या चाचणीने हे सगळे पालटले. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये सकस आहारावर राहिले, बाकीचे आपल्या दाटीवाटीच्या घरात, मिळेल ते खाऊन. औषधे दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झालेले दिसले. गरिबांवर या चाचणीचे मोठे उपकार आहेत. पण तिच्यातून भलताच अर्थही निघाला: गोळ्या वेळेवर गेल्या की पुरे, ताटात काय आहे ते पाहायला नको. पुढची कित्येक दशके गोळ्यांचा हिशेब चोख राहिला आणि जेवणाचा प्रश्न घरच्यांवर पडला.

छत्तीसगढमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या डॉक्टरांनी तो प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. २०१३ मध्ये त्यांनी सुमारे १,७०० प्रौढ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. निदानाच्या वेळी निम्म्या पुरुषांचे वजन ४२ किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी होते आणि निम्म्या बायकांचे ३४ च्या. चौतीस किलो! पाचवी-सहावीतल्या मुलीचे हे वजन. उपासमारीने प्रतिकारशक्ती खचते, आजार बळावतो. आजाराने भूक मरते, अंगावरचे मांस झडते. मजुरी बुडाली की चूलही थंडावते.

एप्रिल २०१८ पासून सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिना ५०० रुपये येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. दरम्यान, झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत रुग्णांना दरमहा दहा किलो शिधा मिळाला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निम्म्या भागांत घरच्या प्रत्येकालाही पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ मध्ये निकाल आला: घरच्यांनाही शिधा मिळालेल्या घरांत नव्या टीबीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

लसीकडून जी अपेक्षा ठेवायची, ती डाळ-तांदळाने पुरी करून दाखवली. म्हणून निदानाच्या दिवशीच रुग्णाचे वजन बघून पहिल्या गोळीबरोबर शिधा द्यावा, आणि तो अख्ख्या घराला पुरेल इतका असावा.