अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी

अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी म्हणजे जबड्यात अडकलेली तिसरी दाढ काढण्यापूर्वी केल्या जाणाऱ्या तपासण्या, औषधांचे नियोजन आणि घरची व्यवस्था होय. अक्कलदाढ साधारणतः १७ ते २५ या वयात उगवते. जबड्यात पुरेशी जागा नसल्यास ती तिरपी किंवा आडवी होऊन हिरडीखाली वा हाडात अडकून राहते. अशी दाढ काढताना हिरडीला छेद द्यावा लागतो, थोडे हाड कोरावे लागते आणि अनेकदा दाढेचे तुकडे करावे लागतात. ही शस्त्रक्रिया सामान्यतः सुरक्षित असली, तरी तिच्यातील टाळता येण्याजोगे बरेचसे धोके रुग्णाने आधी दिलेल्या, किंवा न दिलेल्या, माहितीशी निगडित असतात.

तपासणी

दोन्ही जबडे व सर्व दात एकत्र दाखवणारे ओपीजी हे क्ष-किरण चित्र प्रथम काढले जाते. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवणारी चेता जाते. मुळे तिला खेटलेली दिसल्यास सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र काढले जाते. या चेतेला इजा झाल्यास ओठ बधिर होतो. ही बधिरता बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते, क्वचित कायम राहते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आपल्या दाढेच्या बाबतीत हा धोका किती आहे, हे रुग्णाने विचारून घेणे योग्य ठरते.

वरची दाढ काढल्याने डोळे अधू होतात, हा समज मात्र निराधार आहे. दृष्टीची चेता आणि दातांच्या चेता वेगवेगळ्या आहेत.

दाढेभोवती सूज वा पू असल्यास आधी ती जागा स्वच्छ करून संसर्ग आटोक्यात आणला जातो. संसर्गामुळे ऊती आम्लधर्मी होतात आणि तेथे भुलीचे औषध नीट काम करत नाही. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा घरगुती उपायही टाळावा लागतो. त्याने वेदना शमत नाही, उलट हिरडी भाजते.

जुने आजार आणि चालू औषधे

पूर्वतयारीतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि सर्वाधिक हेळसांडही येथेच होते. ‘दाताचा आणि हृदयाचा काय संबंध’ असे वाटून रुग्ण आजार सांगत नाहीत, किंवा रक्तस्राव होईल या भीतीने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करून येतात. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. दाढेच्या जागेतून होणारा रक्तस्राव कापसाच्या बोळ्याचा दाब, टाके आणि रक्त गोठवणारे स्थानिक पदार्थ यांनी बहुधा थांबवता येतो. परंतु हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल अचानक थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. त्यामुळे या गोळ्या बहुधा चालूच ठेवल्या जातात. वॉरफरिन घेणाऱ्यांची आयएनआर ही रक्ततपासणी शस्त्रक्रियेच्या आधीच्या एक ते तीन दिवसांत केली जाते, आणि ती ४ पेक्षा कमी असल्यास सामान्यतः औषध न थांबवता दाढ काढता येते. नव्या पिढीतील काही औषधांची एखादी मात्रा पुढे ढकलली जाते. यांपैकी कोणताही निर्णय दंतवैद्य आणि औषध लिहून देणारा डॉक्टर यांनी मिळून घ्यावयाचा असतो.

कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा पूर्वी हृदयाच्या आतील आवरणाचा संसर्ग होऊन गेलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी ३० ते ६० मिनिटे प्रतिजैविकाची एक मात्रा देतात. प्रौढांसाठी ती सहसा २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन असते. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास दुसरे औषध निवडावे लागते.

हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी ॲलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक आम्ल, डेनोसुमॅब यांसारखी औषधे दिली जातात. त्यांच्यामुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून न येता मृत होण्याचा धोका असतो, हे २००३ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहे. वर्षातून एकदाच घेतलेले इंजेक्शन रुग्णाच्या स्मरणात राहत नाही. म्हणून जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटे, तसेच आयुर्वेदिक काढ्यांची नावेही सोबत नेणे सोयीचे ठरते. मधुमेहात साखर नियंत्रणात नसल्यास जखम उशिरा भरते व संसर्ग लवकर होतो. गरोदर स्त्रियांमध्ये तातडीची नसलेली शस्त्रक्रिया प्रसूतीनंतरपर्यंत पुढे ढकलतात.

भूल आणि उपाशी राहणे

आधुनिक भूलशास्त्राचा आरंभ दंतवैद्यांच्याच खुर्चीत झाला. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. आज बहुतेक अक्कलदाढा केवळ जागा बधिर करून काढल्या जातात. अशा वेळी रुग्णाने जेवून आणि नेहमीची औषधे घेऊन यावयाचे असते. एकादशी वा नवरात्राचा उपवास असताना उपाशीपोटी आलेल्या रुग्णाला भोवळ येण्याची शक्यता वाढते, आणि मधुमेहाची गोळी घेतलेली असल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. याउलट पूर्ण भूल द्यावयाची असल्यास किमान ६ तास अन्न व २ तास पाणी वर्ज्य असते. आपल्याला कोणती भूल मिळणार आहे, हे आदल्या दिवशीच स्पष्ट करून घ्यावे लागते.

तंबाखू, मिसरी आणि सुपारी

धूम्रपानाने जखमेतील रक्ताची गुठळी टिकत नाही व हाड उघडे पडून तीव्र ठणका लागतो. महाराष्ट्रात तंबाखूची चौकशी करताना मिसरीचा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक स्त्रिया दंतमंजन समजून वापरतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्यांचे ‘नाही’ हे उत्तर त्यांच्या दृष्टीने प्रामाणिकच असते. सुपारी व गुटखा यांमुळे तोंडाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड कमी उघडते. तसे असल्यास मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणेच अवघड होते आणि शस्त्रक्रियेचा आराखडा बदलावा लागतो.

घरची व्यवस्था

सोबत एक प्रौढ व्यक्ती आणि दोन-तीन दिवसांची रजा आवश्यक असते. गुंगीचे औषध घेतल्यास त्या दिवशी वाहन चालवता येत नाही. मऊ भात, खिमट, ताक अशा गार वा कोमट पदार्थांची आणि बर्फाची सोय आधी करून ठेवतात. पहिल्या २४ तासांत चूळ भरणे, जोराने थुंकणे आणि नळीने ओढून पिणे वर्ज्य असते, कारण त्याने गुठळी निघून येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका कमी होण्याऐवजी वाढल्यास, ताप आल्यास किंवा गिळणे, श्वास घेणे जड झाल्यास तत्काळ संपर्क करता यावा, म्हणून दवाखान्याचा सुटीच्या दिवशीचा दूरध्वनी क्रमांक आधीच घेऊन ठेवला जातो.